गुरुजींनी गिरवून घेतलेला एक

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार. दम्माम

आज कंटेनर बंद झाला. सील लागलं, ट्रक बंदराकडे निघाला आणि मी गोदामाच्या दारात उभं राहून बिस्मिल्ला म्हटलं. चोवीस वर्षं या देशात खोकी भरतोय. आधी नळ भरले, टाईल्स भरल्या, एसीचे पाईप भरले. त्यांच्यावर कधी दुवा पुटपुटावीशी वाटली नाही. दोन वर्षांपासून औषधं भरतो, तेव्हापासून वाटते.

औषधं टांझानियात जातात. आमचे मालक आणि आणखी काही भली माणसं मिळून तिथल्या खेड्यांत दवाखाने चालवायला देतात. डॉक्टर नसतो. गावातलीच एखादी नर्स आपल्या जबाबदारीवर दवाखाना चालवते. नाव, औषधं, भाव आणि नियम मात्र सगळीकडे तेच. दारही तेच, निळ्या रंगाचं, म्हणून ‘निळं दार’ हेच नाव पडलं. एकतीस गावांत एकतीस दारं. कुणी नियम मोडला तर माणूस पाठवून दाराला तपकिरी रंग देतात, मग आमचं औषध त्या दारात जात नाही. पहिला नियम असा की खोक्यावर लिहिलंय तेच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. मला हा नियम पटतो. खेड्यात माणूस फसतो तो ज्याच्या-त्याच्या डोक्यामुळेच.

नर्सांच्या निरोपांना उत्तरं देणं माझ्याकडे आहे. त्यांतली म्वानाइदी माझ्या लक्षात राहिलेली. लिंडी शहरापासून आत, चार तासांवर तिचं गाव. इथले अरब मला अबू अरीब म्हणतात, अरीबचा बाप. तिच्या मुलखातही तीच रीत, ती मला बाबा अरीब म्हणते. दवेला तेही दवाच म्हणतात. पहिल्या फोनला आम्ही दोघं यावरच हसलो होतो.

या खेपेत मुलांच्या तापाचं नवं औषध आहे. जुनं पातळ होतं, पाच मिली द्यायचं. नवं घट्ट, ड्रॉपरने द्यायचं, एक मिली पुरे. तसं लेबल प्रत्येक खोक्यावर लावायचं होतं. तीस खोक्यांना छापील लेबल लागलं आणि प्रिंटरची रिबन संपली. आमचा मॅनेजर यतीन, नाशिकचा मुलगा, बाहेरून ओरडला, “काका, यल्ला, लवकर! ट्रकवाला आईबापावरून शिव्या देतोय!” एका हातात खोक्यांची मोजणी चालू, दुसऱ्या हातात मार्कर. म्वानाइदीचं खोकं तेवढं उरलं होतं, त्यावर मी हाताने लिहिलं. यतीन खांद्यावरून बघून म्हणाला, “छापल्यापेक्षा बरं दिसतंय की.”

शिगवण गुरुजी आठवले. बाणकोट खाडीच्या काठी आमची दोन खोल्यांची शाळा. मोहल्ल्यातून जाणारे आम्ही सहाजण. गुरुजी पाटीवर आकडे गिरवून घ्यायचे आणि माझी पाटी वर्गात फिरवायचे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

माल गावोगावी पोचला. म्वानाइदीचा बोलका निरोप आला, लांबलचक. तिचं तसंच असतं, आधी माझी, मग अरीबची, मग अरीबच्या आईची खुशाली. जुम्म्याच्या नमाजला उशीर होत होता. अंगठा पाठवून निघालो. पहिल्या रांगेत जागा मिळाली. अल्हम्दुलिल्लाह.

१९ ऑक्टोबर, रविवार

यतीनने केबिनमध्ये बोलावलं आणि आधी चहा मागवला. म्हणजे बातमी वाईट.

म्वानाइदीच्या दवाखान्यात एका तापलेल्या बाळाला नवं औषध भलतंच जास्त दिलं गेलं. तीन वेळा. बाळ पिवळं पडलं, जिल्ह्याच्या इस्पितळात आहे. जगेल म्हणतात, पण छातीवर हात ठेवून कुणी सांगत नाही.

“किती दिलं?” मी विचारलं.

“नऊ मिली.”

“नऊ? अरे, ड्रॉपरवर एकच्या पुढे खूणच नाही!”

“मग नऊ वेळा भरला असेल.”

मला फार राग आला. यतीनसमोरच बोललो, “शिकलेली बाई ना ती? एवढंसं बाळ, एवढीशी बाटली. थोडं डोकं नको का चालवायला?”

यतीन म्हणाला, “काका, तुम्ही शांत व्हा. तिकडची चूक तिकडे निस्तरतील. चौकशी लागलीय. दाराला रंग बसणार बहुतेक.”

म्वानाइदीला फोन करावा असं मनात आलं. पण तिला काय बोलणार? ज्या बाईला मी हुशार समजत होतो तिने असं करावं. रात्रीच्या नमाजला बाळासाठी दुवा मागितली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

मला हे लिहायलाच हवं. कुठे तरी लिहायला हवं.

दुपारी चौकशीवाल्याकडून खोक्याचा फोटो आला. यतीनच्या लॅपटॉपवर मी त्याच्या मागे उभा राहून पाहिला. मार्करने लिहिलेली काळी अक्षरं. माझी. नवे थेंब, असं इंग्रजीत, मग आकडा, मग ml. सगळं इंग्रजीत आणि आकडा तेवढा मराठी. १. वरचा गोल नीट भरलेला, खाली शेपूट वळवलेली. जसा गुरुजींनी शिकवला तसा.

ज्याने मराठी शाळा पाहिली नाही त्याने तो नऊ वाचला तर त्याला काय म्हणायचं?

चोवीस वर्षं मोजणी मी मनात मराठीत करतो, टिपण मराठीत करतो. मोजता मोजता लिहिलं आणि हात आपल्या गावाला गेला.

यतीनने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग लॅपटॉप मिटून म्हणाला, “अक्षर छान आहे हो कुणाचं तरी. चला, जेवून घ्या तुम्ही.” तो इंग्रजी शाळेत शिकलेला. त्याला कळलं नसावं.

टाईल्सच्या थप्पीमागे जाऊन म्वानाइदीचा त्या शुक्रवारचा निरोप ऐकला. पहिल्यांदा. एक मिनिट चाळीस सेकंद. माझी खुशाली, अरीबची, अरीबच्या आईची. मग तिच्या मोडक्या इंग्रजीत: बाटली लहान आहे, नळी एकपर्यंतच आहे, आणि खोक्यावर तिसा. नऊ वेळा भरू का? बाबा अरीब, तिसा? खरंच तिसा?

अरबीत तिसा म्हणजे नऊ. तिच्या भाषेतही नऊच. चोवीस वर्षं सौदीत राहिलेल्या माणसाला दुसरं काही ऐकू येऊच शकत नाही. ऐकलं असतं तर.

त्याखाली माझा पिवळा अंगठा.

त्या दिवशी पहिल्या रांगेत जागा मिळाली होती. अल्हम्दुलिल्लाह लिहिलंय मी, वरती.

बावीस ऑक्टोबर

तारीख अक्षरात लिहिली. आकडा काढायला पेन उठेना.

खरं तेच लिहायचं म्हणून लिहितो. काल कळलं तेव्हा मला आधी बाळ आठवलं नाही. म्वानाइदीही नाही. आधी इकामा आठवला, इथे राहायचा परवाना, जानेवारीत बदलायचा आहे तो. मग अरीबचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. मग गावातली माणसं, मी फाटकातून आत येताना मशिदीच्या पायरीवरून बघणारी. बाळ चौथं आलं.

सकाळी फोनमधून म्वानाइदीची सगळी बोलणी पुसून टाकली. दोन वर्षांची. तिच्या भाचीच्या लग्नाचे फोटोही गेले. पुसताना फोन विचारतो, नक्की ना? मी अंगठा दाबला.

घरून अरीबच्या आईचा, जुलेखाचा, फोन आला होता. “जेवलाव का? आवाज असा का येतो तुमचा?” घसा बसलाय म्हणालो. ती म्हणाली, हळद घालून दूध प्या. इतकं साधं बोलली की मला फोन ठेवावा लागला.

सव्वीस ऑक्टोबर, रविवार

आज सही केली.

यतीनने कागद पुढे सरकवला. इंग्रजीत एकच वाक्य: गोदामातून गेलेली सर्व लेबलं छापील होती. मी ते तीनदा वाचलं.

“सगळी?” मी विचारलं.

“तीस काय आणि एकतीस काय, काका. प्रिंटर आपल्याकडे आहे ना? मग छापीलच.”

“पण फोटोत तर हाताने लिहिलेलं दिसतंय.”

“दिसतंय ना. मग कुणी तरी तिकडे लिहिलं असेल. लेबल फाटलं असेल, तिने नवीन लावलं असेल. मला काय ठाऊक?” पेनाचं टोपण काढून त्याने पेन माझ्या हातात दिलं. “आणि तुम्हाला तरी काय ठाऊक? बाईने स्वतःच लिहून दिलंय, माझी चूक झाली म्हणून. तुम्ही कशाला जीव जाळताय? तुमचं वय आहे का आता धावपळीचं?”

माझ्यासाठी किती करतो हा मुलगा. माझ्या अरीबपेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल. सही केल्यावर त्याने माझा हात धरून ठेवला, क्षणभर.

म्वानाइदीने ‘माझी चूक झाली’ असं का लिहिलं, तेवढं कळत नाही. तिच्या फोनमध्ये तर अंगठा असेल अजून. की तिनेही पुसला?

एक नोव्हेंबर, शनिवार. बसमध्ये

मक्केहून परततोय. कंपनीची बस, गुरुवारी निघालो होतो. बाहेर वाळू आणि विजेचे खांब. शेजारचा गृहस्थ झोपलाय, म्हणून वही काढली.

वाटलं होतं, तिथे जाऊन रडलं की हलकं होईल. आजवर होत आलंय. अम्मी गेली तेव्हा झालं होतं.

काबाभोवती तवाफच्या सात फेऱ्या मोजाव्या लागतात. पहिली फेरी झाली आणि मनात ‘एक’ म्हटलं, तर तो डोळ्यांपुढे उभा राहिला. काळा, मार्करचा, शेपूट वळवलेला. पुढची फेरी घालून आलो, पुन्हा एकच. किती झाल्या कळेना. शेवटी एका इंडोनेशियन म्हाताऱ्याच्या मागे मागे चाललो, तो थांबला तिथे थांबलो. म्हणजे उमराही, मक्केची ही छोटी यात्राही, मी दुसऱ्याच्या मोजणीवर केला.

हात वर केले. माफीचे शब्द लहानपणापासून पाठ आहेत, ते आले. पण मकतबात मौलवीसाहेब छडी टेबलावर ठेवून जे सांगायचे तेही आलं. नमाज चुकली, रोजा चुकला तर ते तुझ्यात आणि अल्लाहमध्ये, तो दयाळू आहे. पण बंद्याचा, दुसऱ्या माणसाचा, हक्क मारलास तर आधी त्या बंद्याकडे जा. तो माफ करेपर्यंत इथे येऊन काही मिळणार नाही. तेव्हा आम्ही शेजाऱ्याचे आंबे पाडायचो, म्हणून सांगत असत. आम्ही जाऊन त्या शेजाऱ्याला सांगितलं होतं. त्याने दोन आंबे आणखी दिले होते.

लाखभर माणसांत उभा होतो आणि मला सारखं वाटत होतं, मी पत्ता चुकलोय. इथे नव्हतं यायचं.

तरी बसमध्ये बसलो तेव्हा मनात पहिलं आलं ते हे की यतीनसाठी खजूर घ्यायचे राहिले.

चार नोव्हेंबर

बाळ बरं होतंय. दोन-तीन दिवसांत घरी सोडतील. यतीनने सांगितलं तेव्हा मी खुर्चीत बसून राहिलो. अल्लाहचे उपकार. मग मनात आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, चला, मिटलं.

लगेच पुढची बातमी. येत्या सोमवारी म्वानाइदीच्या दाराला रंग देणार. आसपासच्या नऊ वाड्यांना तो एकच दवाखाना. तिथून पुढचं निळं दार चालत जायला अर्धा दिवस.

आणि मला बढती. हफ्र अल बातिनच्या गोदामाचा इनचार्ज. यतीन म्हणाला, “आरामाची जागा आहे काका. नुसत्या टाईल्स आणि नळ. औषधं नाहीत, कुणाचे निरोप नाहीत, डोक्याला ताप नाही. पंधरा तारखेला जा.”

मी त्याचे आभार मानले. या वयात कोण एवढा विचार करतो दुसऱ्याचा?

खोलीवर येऊन बॅग काढली. तळाशी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा होता, मराठी. त्यावरच्या तारखेत तोच एक दिसला आणि बॅग परत खाटेखाली ढकलली.

सहा नोव्हेंबर, गुरुवार

फोन केला. नंबर पुसला होता, पण गोदामाच्या रजिस्टरात होता. पाच वेळा वाजला.

“बाबा अरीब,” ती म्हणाली. “मला वाटलं तुम्ही मेलात.”

तिची इंग्रजी आणि माझी इंग्रजी, मध्ये मध्ये अरबीतले दोघांचे शब्द. जमेल तसं इथे उतरवतो.

मी म्हणालो, “तो आकडा मी लिहिला. तो नऊ नव्हता. आमच्या लिपीत तो एक आहे.”

मागे कोंबड्या, कुणी तरी काही तरी कांडत होतं.

“मोजा,” ती म्हणाली. त्यांच्यात एकाला मोजा म्हणतात. माझ्या कानाला मात्र तो हुकूमच वाटला. मोजा.

“हो. एक.”

“मला माहीत होतं ते नऊ नाही. म्हणून तर विचारलं.”

“मी ऐकलं नव्हतं. न ऐकताच अंगठा पाठवला.”

“ते कळलं मला. नंतर.” मग हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसू नव्हतं. “बायकोची खुशाली विचारली होती, त्यालाही अंगठाच आला. तेव्हाच कळायला हवं होतं.”

“तुम्ही चौकशीवाल्याला तो दाखवला का नाही? अजून आहे का तुमच्याकडे?”

“आहे. दाखवला असता तर तुम्हाला काढलं असतं. मग नवा माणूस. तो फोन उचलेल की नाही, कोण जाणे. एकतीस दारांचं बोलणं ऐकणारा एक माणूस आहे, असं मला वाटायचं. त्याला कशाला घालवा?” मग म्हणाली, “आणि पाजलं तर मीच ना. पाचव्या वेळी नळी भरताना माझा हात थांबला होता. तुमचा अंगठा आठवला, मग पुढे गेला. पण हात माझा होता, बाबा अरीब.”

मी माफी मागितली. अरबीत मागितली, तिच्या भाषेतही तोच शब्द आहे.

“माझं नंतर बघू,” ती म्हणाली. “बाळाच्या आईशी बोला. ती रोज माझ्या दारावरून पाण्याला जाते आणि मान वळवते. तिला वाटतं, मी आळशी, न वाचताच पाजलं. आम्ही एका विहिरीच्या बायका आहोत. दार तपकिरी झालं तर मी घरी भाजी लावीन. पण विहीर कुठे बदलू?”

म्हणजे इतके दिवस मी इकाम्याचा विचार करत होतो आणि ती विहिरीचा.

नऊ नोव्हेंबर, रविवार

पत्र लिहिलं. इंग्रजीत, फोनवर शब्द शोधत शोधत. निळ्या दारांच्या मुख्य कचेरीला आणि मालकांना. खोकं मी लिहिलं, लेबल छापील नव्हतं, सव्वीस तारखेची माझी सही खोटी आहे, बाईने विचारलं होतं आणि मी न ऐकता हो म्हटलं. आकडा समजावून सांगता येईना, म्हणून कागदावर काढून दाखवला. मार्करने, मोठा. शेजारी इंग्रजी नऊ. आकडा तसाच आला, वळणदार. मला त्याची किळस आली आणि किळस आल्याचंही वाईट वाटलं. गुरुजींनी काय वाईट केलं होतं?

फोटो काढून पाठवला. मग यतीनच्या केबिनमध्ये गेलो. मालकांकडून तो त्याच्याकडे पोचला होता.

“कुणी विचारलं होतं का तुम्हाला?” तो हळू आवाजात म्हणाला. “कुणी, एका माणसाने तरी विचारलं होतं?”

“तुला नीट सांगायला हवं होतं आधी. तुला तो आकडा वाचता आला नसणार, म्हणून...”

“मला?” तो उभाच राहिला. “आजीने मांडीवर बसवून उजळणी घेतलीय माझी! फोटो आला त्याच क्षणी ओळखला मी तो एक. त्याच्या आधी तुम्ही लिहीत होता तेव्हा मागे कोण उभं होतं? मी! या अख्ख्या कंपनीत तो एक आहे हे दोनच माणसांना वाचता येतं. दोघं गप्प बसले असते तर तो नऊच होता, परकार. कायमचा नऊ!”

परकार. काका जाऊन आडनाव आलं होतं.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो.

“मी तुम्हाला वाचवत होतो.”

हफ्र अल बातिन, टाईल्स, निरोप नाहीत. चहा. पेनाचं टोपण काढून हातात दिलेलं पेन. सगळं एकेक करून आठवत होतं. तो कुणाला वाचवत होता ते मी विचारलं नाही. स्वतःला वाचवायला मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं, आता त्याला काय बोलणार? आणि तोही तिशीतला, घरी लहान मुलगी आहे त्याला. सही करायला माझा हात काही त्याने धरला नव्हता. नंतर धरला.

“महिनाअखेर,” तो म्हणाला. “खलास. मला यात काही करता येणार नाही.” आणि मी दारापर्यंत गेल्यावर, “जेवलात का?” हे मात्र जुन्या सवयीने निघालं त्याच्या तोंडून. दोघंही ओशाळलो.

जुलेखाला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, “घसा बसला होता तो हाच काय?”

“हो.”

“मग या घरी.” आणि थोड्या वेळाने, “त्या बाईने काय केला असेल हो इतके दिवस?”

मला हा प्रश्न पडायला अठरा दिवस लागले होते.

दहा नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मुख्य कचेरीचा निरोप आला की रंग थांबवा. पण रंगारी पहाटेच पोचला होता. म्वानाइदीने फोटो पाठवला. डावी फळी तपकिरी, उजवी निळी. खाली लिहिलं होतं, ‘निळा रंग गावात मिळत नाही. अर्धं उघडं ठेवते.’

दुपारी फोन. तिच्या ओट्यावरून, आवाज मोठा करून. ती, आणि बाळाची आई. मध्ये म्वानाइदीच दुभाषी.

मी सलाम केला. उत्तर आलं, कोरडं. मग मी म्हणालो, “आधी सांगा, यांना मी काय म्हणू?”

म्वानाइदीने उलट विचारलं, “तुम्हाला बाळाचं नाव माहीत नाही?”

त्यांच्यात बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. मी बाबा अरीब, तशी ती मामा अमुक. सगळ्या कागदांवर नुसतं होतं, मुलगा, वय नऊ महिने. तीन आठवडे मी त्याच्यासाठी दुवा मागत होतो आणि एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. म्वानाइदीलाही नाही, गुरुवारी तासभर बोललो तेव्हाही नाही. आपलंच सांगत होतो.

“मामा फराजी,” ती बाई स्वतःच म्हणाली. कळलं असावं तिला.

मी सांगितलं. खोकं, मार्कर, आमच्या शाळेतला आकडा, शुक्रवार, अंगठा, खोटी सही. म्वानाइदीने विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, हे मी तीनदा सांगितलं. म्वानाइदी भाषांतर करता करता त्या जागी अडखळली. स्वतःचं निर्दोषपण स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं तिला. तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला.

मग तिकडे दोघी एकमेकींशी काही बोलल्या, माझ्याशी नाही. मला एकही शब्द कळला नाही. लांबलं बरंच. मध्येच बाळ ओरडलं, रडणं नव्हे, भूक लागल्यावर ओरडतात तसं. मी फोन कानाला घट्ट लावला.

शेवटी मी म्हणालो, माफ करा.

म्वानाइदीने तिचं उत्तर सांगितलं ते असं: “ती म्हणते, आई म्हणून माझ्या जिवाला घोर लागला, तेवढं मी सोडलं. विहिरीवर यापुढे मी मान वळवणार नाही. पण पोट फराजीचं दुखलं, सुया त्याला टोचल्या. त्याचा हक्क मी कशी देऊन टाकू? तो माझा नाही. तो मोठा झाला की त्याला विचारा.”

“केव्हा?”

पुन्हा दोघींचं बोलणं. “पंधराचा झाला की. तेव्हा समजतं.”

मी म्हणालो, बरं. येईन. कसा, कुठून, ते काही बोललो नाही, मला तरी कुठे ठाऊक होतं? मामा फराजी म्हणाली, “येताना औषध आणू नका.” यावर तिकडे दोघी हसल्या. खऱ्याच हसल्या, आधी एक, मग दुसरी. फोन ठेवल्यावरही ते हसू कानात राहिलं. त्यात मी कुठेच नव्हतो आणि नव्हतो तेच बरं होतं.

म्वानाइदीने तिचं ‘नंतर बघू’ अजून बघितलेलं नाही. मीही विचारलं नाही.

अस्रची, तिसऱ्या प्रहरची, नमाज पढलो, शेवटच्या रांगेत, घाई न करता. आज मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. फराजी पंधराचा होईल तेव्हा त्रेसष्टचा असेन. आजवर अल्लाहकडे पुष्कळ मागितलं. नोकरी, अरीबचा प्रवेश, अम्मीला सुखाचं मरण, पहिल्या रांगेत जागा. आज हात वर केले आणि फक्त चौदा वर्षं मागितली.